हाड जुळले तरी खांदा दुखतो तेव्हा

हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः हाड हे सजीव ऊतक असून त्यातील पेशी रक्तावाटे मिळणाऱ्या प्राणवायूवर जगतात. हा पुरवठा तुटला की तेवढा भाग मृत होतो. खांद्याच्या अस्थिभंगानंतर हा धोका संभवतो.

दंडाच्या हाडाचे वरचे टोक अर्ध्या चेंडूसारखे गोल असून ते फऱ्याच्या हाडातील उथळ खळग्यात फिरते. या हाडाला पुढून एक व मागून एक अशा दोन रोहिण्या वळसा घालतात आणि त्यांच्या बारीक शाखा गोलाचे पोषण करतात. पूर्वी याचे श्रेय मुख्यत्वे पुढच्या रोहिणीला दिले जाई. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र सुमारे ६४ टक्के रक्त मागच्या रोहिणीकडून येत असल्याचे आढळले. पुढची रोहिणी फाटूनही पुष्कळ रुग्णांचा गोल जिवंत का राहतो, याचा उलगडा त्यामुळे झाला. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी १९७० मध्ये या अस्थिभंगांचे जे वर्गीकरण केले, त्यातील हाडाचे चार भाग होणारा प्रकार या दृष्टीने विशेष धोक्याचा मानला जातो.

मृत हाड लगेच ढासळत नाही, हीच यातील फसवी बाब होय. शरीर मृत भाग शोषून तेथे नवे हाड घालू लागते. या डागडुजीच्या काळात गोल कमकुवत होतो आणि कूर्चेखालचा थर खचतो. यास कित्येक महिने, क्वचित काही वर्षेही लागतात. तोवर झोळी सुटलेली असते, रुग्ण शेतावर वा कारखान्यात रुजू झालेला असतो. पुन्हा उद्भवलेले दुखणे मग वाताचे ठरते आणि तेलमालिश सुरू होते! प्रारंभीच्या क्ष-किरण चित्रात दोष दिसेलच असे नाही. एमआरआय तपासणीत तो लवकर कळतो. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉईड औषधे व अतिमद्यपान ही तर दुखापत नसतानाही अस्थिमृत्यूची कारणे आहेत, हे डॉक्टरांना सांगण्यात संकोच नसावा.

खांद्यावर शरीराचा भार पडत नसल्याने खुब्याच्या मानाने येथे त्रास पुष्कळदा सुसह्य असतो. गोल खचण्यापूर्वी निदान झाल्यास डोक्यावर हात नेण्याची कामे टाळणे, देखरेखीखाली व्यायाम, तसेच हाडास छिद्र पाडून आतील दाब कमी करणे हे उपाय योजता येतात. सांधा झिजल्यावर कृत्रिम सांधा बसवावा लागतो. ज्यांच्या हाडात पट्टी व स्क्रू बसविले आहेत, त्यांनी अधिक दक्ष राहावे. गोल खचला की स्क्रूचे टोक बाहेर येऊन समोरचा खळगा घासू लागते. हात हलविताना करकर जाणवल्यास जुनी क्ष-किरण चित्रे बरोबर घेऊन तत्काळ अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.