वजाबाकीतून घडलेला कॅमेरा

पेंटॅक्स के-१००० या कॅमेऱ्याला चालू-बंद करायचा खटका नाही. प्रकाश मोजणारे मीटर आहे, मीटरला लागणारी बटणाएवढी बॅटरी आहे. पण मीटर बंद करायचे तर लेन्सवर झाकण लावायचे, एवढीच सोय. आत अंधार झाला की मीटरमधल्या प्रकाशसंवेदी घटकाचा विद्युतरोध खूप वाढतो, प्रवाह जवळजवळ थांबतो आणि बॅटरी टिकते. झाकण लावायचे राहिले तर ती झिजत जाते आणि एक दिवस व्ह्यूफाइंडरमधली सुई हलायची थांबते. कॅमेरा मात्र थांबत नाही. शटर संपूर्ण यांत्रिक आहे. स्प्रिंग, दातेरी चाके आणि कापडी पडदे यांच्या जोरावर ते बॅटरीशिवायही तितक्याच इमानाने उघडते आणि मिटते.

हे यंत्र बाजारात आले १९७६ साली. त्याच वर्षी कॅननने एई-१ आणला होता. पोटात मायक्रोप्रोसेसर, लेन्सच्या झडपेचे (ॲपर्चरचे) माप स्वतः ठरवणारा, जाहिरातींत झळकणारा. बॅटरी संपली की मात्र तो मुका. त्याच्या शेजारी के-१००० म्हणजे गावाकडून आलेला पाहुणाच. पण एई-१चे उत्पादन १९८४मध्ये थांबले आणि के-१००० थेट १९९७पर्यंत बनत राहिला. मधल्या काळात १९८५ साली मिनोल्टाने आपोआप फोकस करणारा मॅक्सम ७००० आणून सगळा बाजारच बदलून टाकला, तरी या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याला गिऱ्हाईक होतेच. एकूण ३० लाखांहून अधिक नग बनले.

तो बनवणारी आसाही ऑप्टिकल ही कंपनी १९१९ साली टोकियोत सुरू झाली, चष्म्याच्या काचा करण्यासाठी. १९५२ साली तिने आसाहीफ्लेक्स काढला. ३५ मिलिमीटर फिल्मचा जपानमधला हा पहिला सिंगल लेन्स रिफ्लेक्स, म्हणजे ज्या लेन्सने फोटो निघतो त्याच लेन्समधून आरशाच्या मदतीने दृश्य दाखवणारा कॅमेरा. या जातीच्या जुन्या कॅमेऱ्यांत एक मोठी अडचण असे: चाप दाबला की आरसा वर जायचा आणि वरच राहायचा, पुढची फिल्म ओढेपर्यंत छायाचित्रकार आंधळा. १९५४च्या आसाहीफ्लेक्स टू-बीमध्ये आरसा क्षणात खाली परत येऊ लागला. १९५७ साली आला आसाही पेंटॅक्स. त्यातल्या पाच बाजूंच्या लोलकामुळे कॅमेरा डोळ्यापाशी धरून दृश्य सुलटे दिसू लागले. १९६४च्या स्पॉटमॅटिकने लेन्समधून आत येणारा प्रकाशच मोजायची सोय केली. बीटल्स जगभर गाजू लागले त्या १९६३-६४च्या काळात पॉल मॅकार्टनीच्या हातात पेंटॅक्सच होता. त्याने काढलेल्या फोटोंचे प्रदर्शन २०२३ साली लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत भरले होते.

स्पॉटमॅटिकच्या काळात पेंटॅक्सच्या लेन्स आट्यांच्या होत्या, फिरवत फिरवत बसवाव्या लागत. १९७५मध्ये कंपनीने के नावाची नवी खाच आणली. लेन्स टेकवायची, थोडी फिरवायची, खट् आवाज आला की बसली. या खाचेचे पहिले तीन कॅमेरे होते के-टू, केएक्स आणि केएम. के-१००० वर्षभराने आला, तो केएममधून काही गोष्टी काढून टाकून. सेल्फ टायमर काढला. फोटोत किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसेल हे आधी पाहायची कळ काढली. व्ह्यूफाइंडरमध्ये वेग किंवा झडपेचा आकडा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. उरले ते इतकेच: एक सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंतचे वेग, एक सुई, फोकस जुळवायचा मधला खरखरीत ठिपका आणि सुमारे ६२० ग्रॅमची धातूची काया. थोरली भावंडे दोन-चार वर्षांत बाजारातून गेली, हे धाकटे मागे राहिले.

ते टिकले मुख्यतः वर्गांमुळे. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्याने हाताने चालवायचा कॅमेरा आणावा अशी अट असे, आणि शिक्षक ज्याचे नाव सुचवत तो बहुधा हाच. स्वस्त, दणकट, आणि विद्यार्थ्याच्या वतीने कोणताही निर्णय न घेणारा. शिक्षकाच्या नजरेने हा शेवटचा गुण सर्वांत मोठा.

निर्णय तीन. किती वेळ प्रकाश आत घ्यायचा, तो किती रुंद वाटेने घ्यायचा आणि नजर कुठे रोखायची. वेग वरच्या तबकडीवर, झडप लेन्सवरच्या कड्यावर, फोकस त्याच्या पुढच्या कड्यावर. आधी फिल्मचा आयएसओ वेगाच्याच तबकडीची बाहेरची कडा उचलून लावायचा. मग डोळा लावला की उजव्या बाजूला सुई दिसते. ती मध्यावर आली की मीटरच्या मते प्रकाश योग्य. वेग दुप्पट केला तर झडप एक टप्पा उघडायची, सुई पुन्हा जागेवर येते. हा व्यवहार पुस्तकातल्या आलेखापेक्षा बोटांना लवकर कळतो.

मीटर प्रामाणिक आहे, हुशार नाही. ते सगळ्या चौकटीतल्या प्रकाशाची सरासरी काढते आणि जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. पांढऱ्या सदऱ्यांतल्या वारकऱ्यांची दिंडी चौकटभर असेल तर सुई म्हणेल प्रकाश फार आहे, कमी करा. तिचे ऐकले तर सदरे मळकट निघतील. खिडकीसमोर बसलेल्या आजींचा फोटो तिच्या भरवशावर काढला तर खिडकी सुरेख येईल आणि आजी काळ्या. एक-दोन टप्पे जास्त प्रकाश द्यायचा हे माणसालाच ठरवावे लागते. बॅटरीच नसेल तर जुना ठोकताळा आहे: लख्ख उन्हात झडप १६वर आणि वेग फिल्मच्या आयएसओच्या आसपास. म्हणजे ४००च्या फिल्मला १/५००, १००च्या फिल्मला १/१२५. आपल्याकडच्या एप्रिलमधल्या दुपारी हा हिशेब सहसा चुकत नाही.

फ्लॅश वापरणाऱ्याने १/६० हा आकडा पाठ करायचा. शटर म्हणजे आडवे सरकणारे दोन कापडी पडदे. पहिला उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. वेग १/६० किंवा त्याहून कमी असेल तर एक क्षण सगळी फिल्म उघडी असते. त्याहून जास्त वेगात पहिला पडदा पलीकडे पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो, आणि फिल्मवरून प्रकाशाची नुसती फट सरकते. अशा वेळी फ्लॅश उडाला तर फोटोचा एक पट्टा उजळतो, बाकी काळोख. आजचे कॅमेरे ही चूक करूच देत नाहीत. हा देतो.

फिल्ममुळे माणूस चांगला छायाचित्रकार होतो, असे हल्ली उत्साहाने सांगितले जाते. ते फार मनावर घेऊ नये. छत्तीस फोटो अगदी विचारपूर्वक वाईट काढता येतात. उलट डिजिटल कॅमेरा चूक लगेच दाखवतो, शिवाय कोणत्या वेगाला आणि झडपेला फोटो काढला याची नोंद स्वतः ठेवतो. इथे रोल धुऊन येईपर्यंत काय केले होते हेच आठवत नाही. शिकायचे असेल तर वही जवळ लागते. के-१०००ची खरी शिकवण मर्यादित आहे, पण पक्की आहे. प्रकाश, वेळ आणि झडप यांचे नाते त्यातून असे कळते की पुढे कोणताही कॅमेरा हातात आला तरी अडत नाही.

के-१०००च्या काळात आपल्याकडे ज्या घरात कॅमेरा असे, तिथे तो बहुधा ॲग्फा क्लिक थ्री असायचा, १२०च्या रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. पुढे हॉट शॉट आला. जपानी कॅमेरे आखातातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून उतरत. कृष्णधवल फिल्म मात्र देशातच बनत होती. १९६० साली उटीला स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’. तो कारखाना आता इतिहासजमा आहे. आज रोल आयात होतात आणि महाग पडतात. रंगीत रोल धुणाऱ्या लॅब मोजक्या शहरांत उरल्याने अनेकांना तो कुरिअरनेच पाठवावा लागतो. कृष्णधवल रोल घरी धुता येतो. कोडॅकचे डी-७६ हे १९२७पासूनचे रसायन अजून त्यासाठी वापरतात. फक्त द्रावण २० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे असते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचेच पाणी त्याहून बरेच गरम येते, तेव्हा बर्फ हाताशी हवा.

जुना के-१००० विकत घेताना कागदापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आणि दुरुस्ती करणारे कारागीर आहेत. ऑनलाइन फोटो पाहून पैसे भरण्यापेक्षा यंत्र हातात घेऊन पाहणे केव्हाही बरे. पाठ उघडून कॅमेरा उजेडाकडे धरावा आणि शटरचे कापड तपासावे. कापडाला टाचणीएवढे भोक असेल तर प्रत्येक फोटोवर त्याचा ठिपका उमटेल. एक सेकंदाचा वेग लावून कान द्यावा. तो रेंगाळत असेल तर आतले तेल वाळले आहे. पाठीच्या कडेला आणि आरशाच्या वर फोमची पट्टी असते, ती इतक्या वर्षांत चिकट डांबरासारखी झालेली असते. ही पट्टी बदलणे सोपे आणि स्वस्त, म्हणून तेवढ्यावरून कॅमेरा नाकारू नये. तळाचे झाकण उघडून बॅटरीच्या खोबणीत हिरवट बुरा आहे का ते बघावे. आणि लेन्समधून उजेडाकडे पाहावे: जाळीसारखी बुरशी दिसली तर सौदा सोडून द्यावा. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सचा सर्वांत मोठा शत्रू हीच. चामडी पिशवीत कॅमेरा ठेवण्याची जुनी सवय तिला खतपाणीच घालते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या.

शौकिनांत जपानी नगांना मान जास्त. जुन्या यंत्रांवर ‘पेंटॅक्स’च्या वर ‘आसाही’ हे नावही असते. १९७८पासून उत्पादन हाँगकाँगला आणि १९९०च्या सुमारास चीनमध्ये गेले; शेवटच्या काळातल्या नगांची वरची-खालची आवरणे प्लास्टिकची आहेत. चित्रात त्यामुळे फरक पडत नाही. नीट सांभाळलेला चिनी नग आणि आदळआपट झालेला जपानी नग यांत पहिला घ्यावा, भाव काहीही असो.

२०१२ साली कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा हा सगळा व्यवहार संपला असेच वाटले होते. पण फिल्मची मागणी पुन्हा वाढली आणि २०२४मध्ये पेंटॅक्सने, जी आता रिको कंपनीच्या मालकीची आहे, पेंटॅक्स १७ हा नवाकोरा फिल्म कॅमेरा आणला. अर्ध्या चौकटीचा, ३६च्या रोलवर ७२ फोटो काढणारा. प्रकाशाचा हिशेब तो स्वतः करतो, फिल्म मात्र अंगठ्याने ओढावी लागते. ओढण्याची ती यंत्रणा बसवताना कंपनीने आपल्या निवृत्त अभियंत्यांची मदत घेतली. के खाचही जिवंत आहे: १९७६ची लेन्स पेंटॅक्सच्या आजच्या डिजिटल एसएलआरवर बसते, फक्त फोकस आणि झडप हातानेच सांभाळायची.

वाचकांपैकी कुणाच्या घरी माळ्यावर असा कॅमेरा पडून असेल तर या पावसाळ्याआधी तो खाली काढावा. पाठ लगेच उघडू नये. डावीकडची रोल गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहावी. तिला ओढ जाणवली तर आत फिल्म आहे. तळाचे बटण दाबून ती आधी पूर्ण गुंडाळून घ्यावी आणि लॅबला द्यावी, वीस-तीस वर्षांपूर्वीचे फोटोही कधीकधी निघतात. मग बॅटरी काढून टाकावी.