भिंतीवरचे कमळ किती काळ टिकते?

छापील कमळ मराठी घरांत आले ते लक्ष्मीच्या सोबतीने. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवलीला हलवण्यात आला. कमळावर उभ्या असलेल्या लक्ष्मीचे रंगीत चित्र या छपाईमुळे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. आता शहरी घरांच्या दिवाणखान्यात निव्वळ फुलाचे, कलात्मक दृष्टीने टिपलेले छायाचित्र लावण्याची आवड वाढली आहे. मात्र बाजारात तयार मिळणाऱ्या चित्रांत ट्यूलिप, ऑर्किड आणि गुलाब यांचीच गर्दी असते. आपल्या मुलखातील फुले त्यांत क्वचितच दिसतात, आणि घेतलेले चित्र किती वर्षे टिकेल याचा विचार तर त्याहून क्वचित होतो.

वास्तविक फुलांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. लाखांदूर तालुक्यातील दिघोरीसारख्या गावांच्या मुलखात धानाच्या बांध्या, जुने मालगुजारी तलाव आणि पळस-मोहाचे रान यांनी ऋतुचक्र आखून दिलेले आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, त्यापाठोपाठ मोह फुलतो, एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळ्या झुंबरांनी लवतो आणि पावसाळ्यापासून तळ्यांत कमळे व कुमुदिनी दिसू लागतात.

फुलाची वेळ ओळखावी

छायाचित्राची गुणवत्ता कॅमेऱ्याइतकीच फुलाच्या ओळखीवर अवलंबून असते. कमळाचे पान वर्तुळाकार, अखंड असते आणि बहुधा पाण्याच्या वर उचललेले असते. कुमुदिनीचे पान पाण्यावर तरंगते व त्याला देठापर्यंत चीर असते. कमळ सकाळी उमलते, ऊन चढल्यावर मिटू लागते आणि तीन-चार दिवसांत त्याच्या पाकळ्या गळतात. कुमुदिनीच्या काही जाती रात्री फुलतात. मोहाची फुले तर रात्री उमलून पहाटे जमिनीवर टपटपतात. साहजिकच सूर्योदयानंतरचा तासभर हा तळ्याकाठच्या छायाचित्रकाराचा मोलाचा काळ. तेव्हा प्रकाश तिरपा व मऊ असतो, वारा मंद असतो आणि पाकळीच्या शिरा स्पष्ट उमटतात.

पळसाची अडचण वेगळी आहे. त्याचा केशरी-लाल रंग इतका गडद असतो, की कॅमेऱ्यात तो एकसंध डागासारखा येतो आणि पाकळीवरील लव व वळणे हरवतात. उघडीप थोडी कमी ठेवल्यास हा तपशील वाचतो. शिवाय पडद्यावर झळाळणारा हा रंग कागदावर तितका तेजस्वी उतरत नाही. म्हणूनच मोठी प्रत काढण्यापूर्वी लहान नमुना छापून पाहणे शहाणपणाचे.

जर्मन छायाचित्रकार कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वनस्पतींचे कोंब, पाने व फुले साध्या पार्श्वभूमीवर कित्येक पटींनी मोठी करून दाखवली आणि रोपट्याच्या रचनेतील शिल्प लोकांना दिसले. त्यातील धडा आजही लागू आहे: गुच्छापेक्षा एकच फूल, रिकामी पार्श्वभूमी आणि भरपूर मोकळी जागा असलेले चित्र भिंतीवर अधिक काळ पाहावेसे वाटते.

छपाईचे गणित

जवळून पाहण्याच्या उत्तम प्रतीसाठी दर इंचाला ३०० बिंदू धरतात. १२ मेगापिक्सेलच्या, म्हणजे साधारण ४००० गुणिले ३००० बिंदूंच्या चित्राची या हिशेबाने सुमारे १३ गुणिले १० इंचांची प्रत निघते. काही फुटांवरून पाहायचे असेल, तर २०० बिंदूही पुरतात आणि तीच प्रत २० गुणिले १५ इंचांची होते. मोबाइलवरून संदेशात आलेले चित्र बहुधा आकाराने घटवलेले असते. छपाईसाठी नेहमी मूळ फाइल द्यावी.

टिकाऊपणा ठरतो शाई आणि कागदावर. पाण्यात विरघळणाऱ्या रंगांची, म्हणजे डाय प्रकारची साधी शाई उन्हात लवकर फिकी पडते. सूक्ष्म रंगकणांची पिगमेंट शाई आणि कापसाच्या धाग्यांचा आम्लविरहित कागद वापरल्यास प्रत कित्येक दशके टिकू शकते. खर्च अर्थातच वाढतो. परंतु दोन-चार वर्षांत उडणाऱ्या मोठ्या चित्रापेक्षा टिकणारे लहान चित्र केव्हाही परवडते.

विदर्भाच्या हवामानात फ्रेमकडेही लक्ष हवे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्यानंतर लगेच पावसाळी दमट हवा येते. काच कागदाला थेट टेकली, तर ओलाव्याने प्रत चिकटते व बुरशी धरते. दोहोंमध्ये माउंटचे अंतर असावे आणि तोही आम्लविरहित असावा. पश्चिमेचे ऊन येणारी किंवा ओल धरणारी भिंत टाळावी. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, उभ्या माणसाच्या नजरेच्या रेषेत यावा.

तळे टिकले तर

या साऱ्या खटाटोपाला आणखी एक अर्थ आहे. पूर्व विदर्भातील अनेक तलाव गाळाने उथळ झाले आणि बेशरमासारख्या उपद्रवी झुडपांनी त्यांचे काठ व्यापले. पाणवनस्पती कमी झाल्या, की माशांचा आसरा, पक्ष्यांचे खाद्य आणि ढिवर समाजाची रोजीरोटी तिन्ही धोक्यात येतात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने स्थानिक मच्छीमारांसह तलावांतील बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. तेथील कमळ म्हणजे तळ्याच्या प्रकृतीची एक खूणही असते.

त्यामुळे अशी प्रत घरी आणताना तिच्या मागील बाजूस फुलाचे नाव, तळ्याचे व गावाचे नाव आणि तारीख मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावी. छायाचित्रासाठी फूल तोडू नये, काठ तुडवू नये. नीट छापलेले कमळ भिंतीवर पन्नास वर्षे राहू शकेल. त्याची मुळे असलेले तळे तितकीच वर्षे राहावे, एवढे भान त्या चित्राने घरात जागे ठेवले, तर त्याची किंमत वसूल झाली असे समजावे.