टोला लांब जावा, पण कंबर शाबूत राहावी

शालेय स्पर्धांचे दिवस जवळ आले की दवाखान्यात एक मागणी हमखास होते, 'डॉक्टरसाहेब, पोराला एखादे चांगले टॉनिक लिहून द्या. फटका बसतो, पण चेंडू लांब जात नाही.' क्रिकेटची गोष्ट आता जुनी झाली. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे खेळही आपल्या शाळांमधून खेळले जातात. जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढणाऱ्या मुला-मुलींना पुढे दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळू शकतात. त्यामुळे पालकांची उत्सुकता समजण्यासारखी आहे. मात्र या घाईत मुलांच्या पाठीच्या कण्याशी खेळ होऊ नये म्हणून आज या विषयाकडे वळलो आहे.

वेगाचे गणित

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याची जागा आणि फलंदाजाचा तळ यांत ६० फूट ६ इंच अंतर असते. मोठ्या सामन्यांत ताशी ९० मैलांनी आलेला चेंडू हे अंतर जेमतेम ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच सुमारे ०.१५ सेकंद लागतात. म्हणजे चेंडू ओळखून 'मारू की सोडू' हे ठरवायला पाव सेकंदच हाती उरतो. ज्याची बॅट वेगाने फिरते त्याला चेंडू क्षणभर जास्त पाहता येतो. वेगाचा हा पहिला फायदा.

दुसरा फायदा अंतराचा. अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अॅलन नेथन यांनी या विषयाचा बराच अभ्यास केला आहे. साधारण हिशेब असा, की बॅटचा वेग ताशी १ मैलाने वाढला तर नीट बसलेला फटका ५ ते ६ फूट लांब जातो. पाच मैलांनी वेग वाढला तर पंचवीस-तीस फुटांचा फरक पडतो. झेल जाणे आणि होमरन होणे यांत पुष्कळदा एवढेच अंतर असते. चेंडू जमिनीशी २५ ते ३० अंशांच्या कोनात उडाला तर तो सर्वांत लांब जातो, हेही लक्षात ठेवावे.

तरीही वेग म्हणजे सर्वस्व नव्हे. अमेरिकेच्या मेजर लीगने २०२४ पासून प्रत्येक फलंदाजाच्या बॅटचा वेग जाहीर करायला सुरुवात केली. तेथील सरासरी ताशी सुमारे ७२ मैल आहे. त्या वर्षी जियानकार्लो स्टँटन हा खेळाडू ८१ मैलांच्या सरासरीने सर्वांच्या पुढे होता. त्याने २७ होमरन मारले. लुईस अराएझची बॅट सर्वांत संथ फिरणाऱ्यांपैकी होती. त्याचे होमरन झाले अवघे ४, पण नॅशनल लीगमधील फलंदाजीच्या सरासरीचे विजेतेपद त्यानेच मिळवले. चेंडू बॅटच्या मध्यावर आला नाही तर वेग काय कामाचा?

ताकद येते कोठून?

बहुतेक मुलांना वाटते की फटका दंडाच्या जोरावर बसतो. म्हणून दंडाच्या बेटकुळ्या वाढवण्यामागे ती लागतात. प्रत्यक्षात फटक्याची सुरुवात जमिनीपासून होते. मागचा पाय जमीन रेटतो, पुढचा पाय रोवला जातो, मग कंबर वळते, तिच्यामागून छाती व खांदे वळतात, नंतर हात आणि सर्वांत शेवटी बॅटचे टोक. शेतकऱ्याचा आसूड आठवा. मुठीकडचा भाग हळू हलतो, पण टोकाशी कडाड आवाज होतो. शरीरातही वेग असाच एका सांध्याकडून पुढच्या सांध्याकडे वाढत जातो. कंबर आणि खांदे एकाच वेळी वळले तर ही साखळी तुटते आणि पैलवानासारख्या मुलाचाही चेंडू जवळच पडतो.

जड बॅटचा गैरसमज

फलंदाजीला जाण्यापूर्वी बॅटवर वजनी कडे चढवून ती फिरवण्याची पद्धत आहे. कडे काढल्यावर बॅट हलकी वाटते, हे खरे. पण प्रयोगांत मोजून पाहिले असता जड कड्यानंतर लगेच फिरवलेल्या बॅटचा वेग वाढलेला दिसत नाही, उलट बरेचदा कमी भरतो. हवाई विद्यापीठातील कूप डीरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यावर काम केले. नेहमीच्या बॅटपेक्षा थोडी जड आणि थोडी हलकी बॅट आलटून पालटून वापरली तर वेग वाढतो, असे त्यातून दिसले. हा 'थोडी'चा अर्थ दहा-बारा टक्के एवढाच. ९०० ग्रॅमची बॅट असेल तर साधारण ८०० पासून १००० ग्रॅमपर्यंत. त्यापलीकडे वजन गेले की शरीर संथपणे फिरवायला शिकते आणि तीच सवय सामन्यात उतरते.

माझ्याकडे एक पंधरा वर्षांचा मुलगा आला होता. लोखंडी नळीत वाळू भरून तो रोज गच्चीवर दोनशे वेळा फिरवत असे. दोन महिन्यांनी कंबर दुखू लागली. घरच्यांनी मलम चोळले, शेक दिला, गोळ्या दिल्या. मी त्याला एका पायावर उभे करून मागे वाकायला लावले, तसा तो कळवळला. पुढील तपासणीत कमरेच्या पाचव्या मणक्याला बारीक तडा आढळला. तीन महिने खेळ पूर्ण बंद, नंतर पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, एवढ्यावर तो बरा झाला. पण त्या वर्षीची स्पर्धा हुकली.

कंबरदुखीकडे दुर्लक्ष नको

या तड्याला आम्ही डॉक्टर 'स्पाँडिलोलायसिस' म्हणतो. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद भाग असतो. मागे वाकणे आणि पिळणे या दोन्ही हालचाली एकत्र, पुन्हा पुन्हा झाल्या की त्यावर ताण येतो. वाढत्या वयातील हाड पुरते पक्के झालेले नसते. एखादी तार वारंवार वाकवल्यावर जशी तुटते, तसेच येथे घडते. साध्या एक्स-रेत हा तडा सुरुवातीला न दिसण्याचीही शक्यता असते. त्यामुळे 'फोटो चांगला आला' म्हणून निर्धास्त होऊ नये.

खेळणाऱ्या मुलाची कंबर दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल, मागे वाकताना दुखणे वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, रात्री झोपमोड करणारे दुखणे, ताप, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी यावे. वेदनाशामक गोळी देऊन मुलाला मैदानात उतरवणे हा सर्वांत वाईट उपाय. दुखणे हा शरीराने दिलेला इशारा असतो. तो दाबला की तडा वाढतो.

हाताच्या तळव्याचेही एक दुखणे आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात बॅटच्या खालच्या टोकाशी असतो. तेथील गोळा तळव्याच्या करंगळीकडील भागावर आपटून तेथील लहान हाडाचा कोपरा मोडू शकतो. 'मनगट मुरगळले' म्हणून हे पुष्कळदा अंगावर काढले जाते. करंगळीच्या बाजूला तळव्यात दाबून दुखत असेल आणि पकड ढिली पडली असेल तर तपासून घ्यावे.

सराव कसा करावा?

पुढील क्रम शाळकरी मुलांना झेपेल असा आहे. शक्यतो क्रीडाशिक्षकांच्या देखरेखीखाली करावा.

१. आधी दहा मिनिटे हलके धावणे, उड्या, कंबर व खांदे मोकळे करणे. थंड अंगाने जोरात बॅट फिरवू नये.

२. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड सराव. चेंडू कमरेएवढ्या उंचीच्या खांबावर ठेवून मारावा. एका वेळी आठ फटके, मग दोन मिनिटे विश्रांती. असे सहा फेरे पुरेत. दमलेल्या अंगाने मारलेले शंभर फटके वेग वाढवत नाहीत, चुकीची सवय मात्र लावतात.

३. दोन फेरे हलक्या बॅटने, दोन किंचित जड बॅटने, शेवटचे दोन स्वतःच्या बॅटने.

४. आठवड्यातून दोनदा भिंतीशी आडवे उभे राहून दोन किलोचा मेडिसिन बॉल कमरेच्या वळणाने भिंतीवर फेकावा. बॉल नसेल तर जाड कापडी पिशवीत वाळू भरून ती घट्ट शिवून घ्यावी. दोन्ही बाजूंनी आठ-आठ वेळा, तीन फेरे. एकाच अंगाने सराव केल्यास शरीराचा तोल बिघडतो.

५. जोर, बैठका, कोपरांवर शरीर ताठ तोलून धरणे हे व्यायाम दोन-तीन दिवस. आपल्या तालमीतील हलका मुद्गल खांद्याला आणि पकडीला उत्तम. शिस्तीत, बेताच्या वजनाने व्यायाम केल्यास मुलांची उंची खुंटते हा समज खरा नाही. मात्र 'कोण जास्त वजन उचलतो' अशा पैजा लावू नयेत.

६. मुलगा सतत उशिरा बॅट फिरवत असेल तर एकदा डोळे तपासून घ्यावेत. फळ्यावरचे दिसत नाही हे मुले सांगत नाहीत, चेंडूचे तर नाहीच नाही.

फरक दिसायला आठ-दहा आठवडे लागतात. उतावळेपणा करू नये.

टॉनिक, पावडर आणि इंजेक्शन

आता टॉनिकविषयी. सराव करणाऱ्या मुलाला वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने मिळाली की पुरते. दोन पेले दूध, मूठभर शेंगदाणे, वाटीभर उसळ, वाटीभर वरण, चालत असल्यास दोन अंडी आणि पोटभर भाकरी यांत ते भागते. जोडीला आठ-नऊ तास झोप हवी. महागड्या डब्यांची गरज नाही.

इंजेक्शनांपासून मात्र चार हात लांब राहावे. १९९८ साली मार्क मॅग्वायरने एका मोसमात ७० होमरन मारले, तेव्हा अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतले होते. २०१० साली आपण स्टेरॉइड घेत होतो, अशी कबुली त्याने स्वतः दिली आणि त्या विक्रमाची झळाळी गेली. मुलांचे नुकसान विक्रमापुरते राहत नाही. हाडांची वाढ वेळेआधी थांबते, यकृतावर परिणाम होतो, मुलांचे वृषण आक्रसतात, मुलींचा आवाज घोगरा होतो व पाळी बिघडते. व्यायामशाळेतील कोणी 'बाटली' सुचवली तर तिला हात न लावता आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पालकांना एवढेच सांगणे, की मुलाचा चेंडू किती लांब गेला हे जरूर विचारा. पण त्याआधी 'कंबर दुखते का रे?' हेही विचारत जा. स्पर्धा दरवर्षी येते, कणा मात्र जन्मभर पुरवायचा असतो.