दुग्धव्यवसाय आणि मिथेन वायू : सुरुवात गव्हाणीपासून

हवामानबदलाची चर्चा निघाली की कारखान्यांची धुराडी आणि रस्त्यांवरील वाहने आपल्या डोळ्यांपुढे येतात. गेल्या काही वर्षांत ह्या आरोपींच्या रांगेत गाय आणि म्हैसही उभी करण्यात आली आहे. दोन-चार दुभत्या जनावरांवर ज्यांचा चरितार्थ चालतो, अशा कुटुंबांच्या कानी हा आरोप पडला म्हणजे ती गोंधळून जातात. म्हणून ह्या विषयामागील शास्त्र आणि त्यातून निघणारे कर्तव्य, ही दोन्ही वाचकांपुढे ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते.

मिथेन कसा तयार होतो?

गाय-म्हैस ही रवंथ करणारी जनावरे होत. त्यांच्या पोटातील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तेथे असंख्य सूक्ष्मजीव चारा आंबवितात. माणसाला न पचणाऱ्या गवताचे व कडब्याचे दूध होते ते ह्याच सूक्ष्मजीवांच्या कृपेने. मात्र ह्या क्रियेत हायड्रोजन निर्माण होतो आणि काही सूक्ष्मजीव त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग घडवून मिथेन तयार करतात. हा वायू मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो.

मिथेन हवेत सुमारे १२ वर्षे टिकतो. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत हा काळ अल्प असला तरी त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती मोठी आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने ती सुमारे २८ पट, तर वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट भरते. म्हणूनच मिथेन आज घटविला तर त्याचे फळ आपल्या डोळ्यांदेखत मिळू शकते.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू शेतकऱ्याच्या खिशाशी निगडित आहे. मिथेन म्हणजे इंधनच. जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातील साधारणतः ६ टक्के ऊर्जा मिथेनच्या रूपाने निघून जाते. चारा निकृष्ट असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. चारा विकत घेतला शेतकऱ्याने, आणि त्याचा एक हिस्सा दूध न होता हवेत विरून गेला!

मांजरीचे उदाहरण

पुण्याच्या पूर्वेस, हडपसरच्या पुढे मांजरी आहे. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. हा उसाच्या पट्ट्यातला भाग. १९७५ साली स्थापन झालेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ह्या नावाने ओळखली जाणारी संस्थाही येथेच आहे. उसाच्या भागात गळिताच्या हंगामात गोठ्यांतून वाढ्यांचे भारे येऊन पडतात. वाढे स्वस्त पडते आणि जनावरांचे पोटही भरते. परंतु त्यात प्रथिने कमी आणि तंतुमय भाग जास्त असतो. शिवाय त्यातील ऑक्झलेटमुळे जनावराला कॅल्शियम नीट मिळत नाही. केवळ वाढ्यावर पोसलेल्या गाईचे दूध कमी भरते आणि दर लिटरमागे मिथेन मात्र अधिक पडतो. त्याच वाढ्याची कुट्टी करून त्यास लसूणघास, थोडी पेंड आणि खनिज मिश्रण यांची जोड दिली, तर चित्र पालटते. मक्याचा मुरघास हाही चांगला उपाय आहे.

सोलापूर रस्त्याने आणखी पुढे गेले की उरुळी कांचन लागते. महात्मा गांधींचे अनुयायी मणिभाई देसाई ह्यांनी १९६७ साली तेथे 'बायफ' ही संस्था स्थापिली. जातिवंत वळूंचे गोठविलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारी नेऊन दुभत्या गाईंची पैदास वाढविण्याचे मोठे कार्य ह्या संस्थेने केले. त्यामागे हेतू होता ग्रामीण रोजगाराचा. मिथेनची चर्चा तेव्हा नव्हती. परंतु हिशेब तोच आहे. समजा, एका गोठ्यात दिवसाला पाच लिटर दूध देणाऱ्या दोन गाई आहेत आणि दुसऱ्यात दहा लिटर देणारी एकच. दूध सारखेच, पण पहिल्या गोठ्यात दोन जिवांचे पोषण करावे लागते, म्हणून तेथे चारा आणि मिथेन दोन्ही जास्त. मात्र दूध वाढले म्हणून जनावरांची संख्याही वाढवीत गेलो, तर एकूण मिथेन घटणार नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने उपलब्ध चाऱ्याचाच समतोल आहार बसवून देण्याचा कार्यक्रम अनेक राज्यांत राबविला. त्यात दर लिटर दुधामागील मिथेन दहा टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. बंगळूर येथील राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने वनस्पतींतील टॅनिनच्या आधारे 'हरित धारा' हे पूरक खाद्य विकसित केले असून त्याने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो, असे संस्थेने म्हटले आहे. परदेशांत 'बोव्हेअर' नावाच्या पूरक द्रव्याने दुभत्या गाईंत सुमारे ३० टक्के घट दिसली आहे. परंतु असे द्रव्य दररोज खाऊ घालावे लागते, आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा हा प्रश्न उरतोच.

शेणाचे काय?

उघड्यावर वाळलेल्या शेणापासून मिथेन फारसा निघत नाही. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात ते कुजले, तर हवेच्या अभावी मिथेन तयार होतो. शहराच्या कडेला जागा अपुरी असते. गोठा धुऊन शेण नाल्यात सोडले की वायूही सुटतो आणि नदीही नासते. ह्यावर गोबरगॅस हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू मिळवून तो वापरात आणला गेला होता. चार-पाच जनावरांचे सुमारे ५० किलो शेण रोज मिळाले, तर दोन घनमीटरच्या संयंत्रावर लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो आणि उरलेली मळी शेतास खत म्हणून लाभते. मात्र संयंत्रास गळती असेल तर लाभाऐवजी हानीच होते, म्हणून देखभाल हवी.

न्याय आणि जबाबदारी

२०२१ साली ग्लासगो येथे जाहीर झालेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सहभागी झाला नाही. येथील पशुधन ही कोट्यवधी लहान शेतकऱ्यांची उपजीविका आहे, ही त्यामागील भूमिका समजण्यासारखी आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे मानले नाहीत. गरिबाच्या एका गाईला दोषी ठरवून चैनीच्या उधळपट्टीकडे डोळेझाक करणे हा न्याय नव्हे. पण दोष आपला नाही म्हणून कर्तव्यही आपले नाही, असे म्हणणेही योग्य नव्हे. शब्बाथाच्या आज्ञेत देवाने बैलाच्या विसाव्याचीही आठवण ठेविली. जनावराची नीट निगा राखणे हा आपल्या श्रद्धेचाच भाग आहे.

म्हणून धर्मग्रामांतील शेतकरी गटांनी पशुवैद्यांना बोलावून आहाराचे मार्गदर्शन घ्यावे, कुट्टीयंत्र व मुरघास सामाईक करावा आणि गोबरगॅससाठी एकत्र यावे, असे आम्ही सुचवितो. जे शहरवासी रोज सकाळी दुधाची पिशवी घेतात, त्यांनीही रास्त भावाच्या मागणीत शेतकऱ्याच्या पाठीशी उभे राहावे. कारण चांगला चारा फुकट येत नाही. आपल्या तारणाऱ्याने जन्मतः गव्हाणीत विसावा घेतला. त्या गव्हाणीत आज काय पडते, ह्याकडे लक्ष देण्यापासून सृष्टीची राखण सुरू होऊ शकते.