साखर मातीची नव्हे, हवा-पाण्याची



परवा पवन मावळातील एका सभासदांच्या बांधावर उभे असता त्यांनी आम्हांस विचारले, "साहेब, दरवर्षी एवढा ऊस गव्हाणीत जातो, मग आमच्या रानातलं काय काय जातं हो त्याच्याबरोबर?" प्रश्न साधा, पण उत्तराला थेट लोणावळ्याचा घाट चढावा लागतो.

पोत्यातील शुद्ध साखरेत तीनच तत्त्वे असतात : कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू. कर्ब पानाने हवेतून ओढलेला, हायड्रोजन मुळीने आणलेल्या पाण्यातला. उन्हाच्या बळावर उसाने यांचीच साखर केली. तिच्यात मातीचा कणही नाही!

आता हे पाणी कुठले? अरबी समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढून थंड होतात आणि रिते होतात. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तेथून पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यास येईतो तो सातशेच्या आसपास उरतो. हा फरक कोणी केला, तर डोंगराने. आणि डोंगर कोणी केला? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याने. कार्ल्याची लेणी ज्यात कोरली तोच हा काळा पाषाण.

म्हणजे दगडाने पाऊस ठरवला. पण पाऊसही दगडाला सोडत नाही. पडता पडता थेंब हवेतला कर्बवायू विरघळवून घेतो, किंचित आम्ल होतो आणि पाषाण हळूहळू खातो. त्यातून चुना, मॅग्नेशियम, लोह सुटते, माती होते. घाटमाथ्यावर मुसळधार पावसाने चुना धुऊन जातो आणि लोह मागे राहते, म्हणून तिकडची माती तांबडी नि आम्ल. खाली पूर्वेस पाऊस कमी, तिथे चुना टिकतो आणि काळे रान होते. दगड एकच, पावसाने दोन तऱ्हा केल्या. उतारावरची माती पाण्याने फुगली तर काय होते, ते १९८९ च्या जुलैत भाजे गावाने भोगले आहे.

या साखळीत माणसानेही हात घातला. लोणावळा-वळवणचे पाणी एरवी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे बंगालच्या उपसागराला गेले असते. १९१५ पासून ते टाटांच्या नळांतून खोपोलीला उतरते, वीज करते आणि पाताळगंगेने अरबी समुद्राला परत जाते. (त्या पाण्यावर लिहू लागलो तर हा अंक पुरणार नाही!)

असो. साखर जर हवापाण्याची, तर मातीतले जाते कुठे? काही भाग रसातून प्रेसमडमध्ये उतरतो. तो खताच्या रूपाने रानात परत नेता येतो. बराच भाग पाचटात असतो, आणि पाचट तर तुमच्याच रानात पडलेले असते. एकरी तीन-चार टन. टनामागे चार ते पाच किलो नत्र, शिवाय पालाश आणि पुष्कळसा सेंद्रिय कर्ब. काडी लावली की नत्र नि कर्ब धुराबरोबर हवेत. पालाश राखेत उरतो खरा, पण राख काही रानात थांबत नाही.

आम्ही हे पुस्तकात वाचून सांगत नाही. पदविका घेऊन नुकतेच नोकरीस लागलो तेव्हा घरच्या खोडव्यात आम्हीच काडी ओढली होती. रान एका रात्रीत मोकळे झाले, वडील खूश! पहिल्या वळवात काळे पाणी बांध फोडून ओढ्याला लागले, तेव्हा कुणी कुणाशी बोलले नाही.

तेव्हा यंदा तोड होताच बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढावे. बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाकावेत, पायाने दाबून पाणी द्यावे. उन्हाळ्यात ओल टिकते, पाण्याची पाळी लांबते. आणि आषाढात घाटावरचा पाऊस खाली उतरतो तेव्हा थेंबाचा मार उघड्या मातीवर बसत नाही.

काही सभासद म्हणतात, पाचटात उंदीर होतात. होतात, खोटे कशाला बोला. बिळे बुजवावी लागतात. शेजाऱ्याच्या आगीचे भय तर खरेच आहे. बांधालगतची दोन-तीन मीटरची पट्टी पाचट काढून मोकळी ठेवावी, आणि शेजारी काडी लावणार असेल तर आम्हांस आधी कळवावे. आम्ही जाऊन त्यांच्याशी बोलू. जिवाणू संवर्धक शेतकी कार्यालयात मिळेल. येताना गट नंबर व खोडव्याचे क्षेत्र लिहून आणावे.