गॅरेजात मात्र सगळं ठीक

मारुती ८०० बनायची २०१४ साली थांबली, तरी रत्नागिरीच्या रस्त्यांवर ती अजून दिसते, आणि वायरिंगच्या तिच्या तक्रारीही ठरलेल्या. पावसात इंडिकेटर मरतो, ऊन पडलं की जिवंत होतो. सकाळी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो, दुपारी पहिल्या फटक्यात इंजिन उठवतो. गॅरेजात नेली की सगळं ठीक! मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, पुढच्या महिन्यात सेल्फ, आणि दोष जागच्या जागी.

पार्ट बदलण्याआधी परतीची वाट तपासावी. बॅटरीपासून दिव्यापर्यंत करंट वायरीतून जातो. परत येतो तो बहुतेक गाडीच्या पत्र्यातून. पत्र्यावर स्क्रूने आवळलेली अर्थिंगची टोकं ही कच्ची जागा, आपल्याकडे तर विशेषच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारा वारा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पाऊस थांबला तरी स्क्रूखालचा पत्रा गंजतच राहतो. मिरकरवाड्याहून मासळी वाहणाऱ्या पिकअपचं तर विचारूच नका. बर्फाचं खारट पाणी थेट चासीवर गळत असतं.

इथे मल्टिमीटरही फसवतो. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही १२.६ व्होल्ट ऐटीत दाखवतो. सेल्फला मात्र शंभरेक अँपिअर लागतात. जोडात ०.०५ ओहमचा अडथळा असला, तरी १०० अँपिअरला ५ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून मोजायचं ते लोड असताना. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि लाल थेट इंजिनच्या धातूवर टेकवा. गाडी न्यूट्रलला ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ च्या आत असेल तर उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर इंजिनची अर्थिंग पट्टी किंवा तिचे जोड संशयित.

मागच्या दिव्यांचा दोष मीटरशिवायही कळतो. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद उजळतात का? मागच्या दिव्याची अर्थिंग तुटली की ब्रेकचा करंट त्याच बल्बच्या पार्किंग फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि दुसऱ्या दिव्यांतून वाट काढतो. मालक बिचारा ब्रेक स्विच बदलत बसतो.

घाट चढून तापल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर सुरू होणारी पेट्रोल गाडी हे वेगळं प्रकरण. तिथे इग्निशन कॉइल आधी बघावी. एरवी दोष मुद्दाम घडवून आणावा: इंजिन चालू ठेवून एकेक कपलर हलवा, बाटलीने थोडं पाणी शिंपडा (कॉइल आणि प्लगच्या वायरींना मात्र हात नको). वायर वरून धड दिसली तरी सोलून बघा. तांबं आत हिरवं-काळं पडलेलं असेल, तर लखलखीत तांबं लागेपर्यंत कापावी लागते. पावसाळ्यात बॉनेटखाली शिरणारे उंदीर हा आणखी एक संशयित. आणि फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नये. मग जळते ती वायर.

गंजलेला जोड उघडून पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा आणि पुन्हा तसंच मोजा. आकडा उतरला नसेल, तर लाल वायर एकेक जोड ओलांडत बॅटरीकडे सरकवत आणा. ज्या जोडाशी आकडा एकदम पडेल, तो उघडायचा.