संगणकाची मेमरी निवडताना

डोईफोडियासारख्या सीमेवरच्या गावात मराठी आणि हिंदी शेजारी-शेजारी नांदतात. त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या, पण अर्थाने वेगळ्या शब्दांची आम्हाला सवय आहे. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीतली ‘शिक्षा’ म्हणजे दंड. संगणकाच्या मेमरीतही असाच घोटाळा होतो. इकडच्या ओव्या आणि म्हणी टंकित करणारे माझे विद्यार्थी विचारतात, “सर, जुना डेस्कटॉप रखडतो, कोणती मेमरी घ्यावी?” खरेदीला बऱ्हाणपूर गाठावे लागते. चुकीची वस्तू आणली की पैसे अडकतात आणि काम थांबते ते वेगळेच.

आधी शब्द नीट समजून घेऊ. ‘मेमरी’ म्हणून आपण दोन वस्तू ओळखतो. फाइली कायम राहतात त्या डिस्कमध्ये. रॅममध्ये फक्त चालू काम असते. डिस्क भरली असेल, तर रॅम वाढवून जागा मिळत नाही. एकाच वेळी अनेक फाइली उघडल्यावर संगणक अडखळत असेल, तर रॅम वाढवण्याचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट पिढीची. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही डेस्कटॉप पट्ट्यांना २४० पिना असतात, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांना २८८. पिना सारख्या असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. विजेचा दाबही वेगळा : या चार पिढ्यांसाठी सामान्यतः अनुक्रमे १.८, १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट. म्हणून पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. ती त्या मदरबोर्डची नाही, असे समजावे.

एकाच पिढीतही भेद आहेत. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्त मिळाली, तरी साध्या डेस्कटॉपवर चालत नाही. वेगाचे मात्र तितके अडत नाही : २४०० आणि २६६६ अशा दोन पट्ट्या एकत्र लावल्या, तर साधारणपणे दोन्ही कमी वेगाने चालतात. मदरबोर्डला दोन चॅनेल असतील, तर आठ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा चार-चार जीबीची जोडी योग्य स्लॉटमध्ये लावणे बरे.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : मदरबोर्डचे मॉडेल, त्याला चालणारी कमाल रॅम आणि मोकळे स्लॉट. विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, की परफॉर्मन्स विभागात मेमरीचा वेग आणि वापरलेले स्लॉट दिसतात. कमाल मर्यादा मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत मिळते. विंडोज ३२ बिटची असेल, तर चार जीबीच्या वरची रॅम सहसा वाया जाते. दुकानात जाताना संगणक बंद करून, वायर काढून, जुनी पट्टी सोबत न्यावी. तिच्यावरच्या चिठ्ठीत पिढी आणि वेग लिहिलेला असतो.

आणि एक सवय लावून घ्यावी. रॅम कितीही मोठी असो, वीज जाताच ती कोरी होते. ओवी टंकित झाली, की लगेच ‘सेव्ह’ करावे. सांगणारी आजी पुन्हा भेटेलच असे नाही.